पालमच्या पेठेला सुट्टी हवी

जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी आठवड्याला 90 तास कामाची गोष्ट काढली आणि देशभर गदारोळ उठला. त्याआधी ऑक्टोबर 2023 मध्ये नारायण मूर्तींच्या 70 तासांवरून असाच वाद पेटला होता. दोन्ही वेळा चर्चा झाली ती नोकरदारांची. पालमच्या दुकानदाराचा विषय तिथे कुणी काढला नाही. सकाळी आठला शटर वर गेलं आणि रात्री नऊला खाली आलं, तर दिवसाचे 13 तास होतात. सातही दिवस धरले तर आठवड्याचे 91. ज्या आकड्यानं मुंबई-बंगळूरची माणसं खवळली, तो पालम, गंगाखेड, लोहा, पूर्णा इथल्या किराणावाल्याचा, कापडवाल्याचा, हार्डवेअरवाल्याचा नेहमीचा आठवडा आहे. तो त्याच्यावर कुणी साहेबानं लादलेला नाही. म्हणूनच त्याला त्याबद्दल कुणाशी भांडताही येत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. छोट्या धंद्यातल्या माणसाची विश्रांती हा त्याच्या शिस्तीचा किंवा मनाच्या खंबीरपणाचा प्रश्न नाही. ती त्याला एकट्याला घेताच येत नाही. पेठेनं मिळून ठरवलं तरच ती मिळते, आणि पालमएवढ्या गावात ते ठरवणं मोठ्या शहरापेक्षा सोपं आहे.

पालम हे परभणी जिल्ह्यातलं, गंगाखेडहून लोह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. इथे रेल्वे नाही, त्यासाठी गंगाखेड गाठावं लागतं. तहसील, पंचायत समिती, बँका, दवाखाने, शाळा, आणि त्यांच्या आधारानं वाढलेली पेठ. चाटोरी, बनवस, पेठशिवणी, रावराजूर इथली माणसं कागदपत्रांच्या कामाला येतात आणि जाताना बाजार करून जातात. पेठेचा पैसा शेतातून येतो, कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारीतून. त्यामुळे तो बारा महिने सारखा येत नाही. मृग लागला की कृषी सेवा केंद्रापुढे दिवस उगवायच्या आत रांग लागते, बियाणं आणि डीएपीच्या बॅगांसाठी दुकानदाराला जेवायला फुरसत नसते. सोयाबीन निघालं की उधारी वसूल व्हायला लागते, कापड आणि भांडी खपतात. पुढे लग्नसराई. पण मधले कितीतरी आठवडे दुकानदार नुसता रस्त्याकडे बघत बसलेला असतो. पितृपंधरवड्यात आणि पौषात नवी खरेदी टाळणारी माणसं अजून खूप आहेत. गिऱ्हाईक असो नसो, शटर मात्र ठरल्या वेळेला वर आणि ठरल्या वेळेला खाली.

मे महिन्यातली दुपार घ्या. परभणी जिल्ह्यात पारा 42 अंशांच्या वर गेलेला असतो. दोन वाजता मेन रोडला चिटपाखरू नसतं. किराणा दुकानदार शटर अर्धं खाली ओढतो, साखरेच्या आणि तांदळाच्या कट्ट्यांमधल्या जागेत सतरंजी टाकतो, रिकाम्या पोत्याची घडी उशाला घेतो. मोबाइल छातीवर. टेबलफॅन गरम वाराच फेकत असतो. डोळा लागतो न लागतो तोच पत्र्यावर थाप पडते. ‘‘मालक, ओ मालक, झोपलाव का? पावशेर साखर अन् एक काडीपेटी द्या की.’’ मालक उठतो, साखर तोलतो, सुटे पैसे गल्ल्यात टाकतो आणि परत आडवा होतो. झोप उडालेली असते. ही विश्रांती नाही आणि धड कामही नाही. त्याच्या 91 तासांत असे अधांतरी तास फार आहेत. तो विकत असतो त्याहून जास्त वेळ तो पहारा देत असतो. माणूस थकतो तो या पहाऱ्यानं. पोतं उचलून आलेला थकवा रात्रीच्या झोपेनं जातो, कोणत्याही क्षणी हाक येईल म्हणून सावध राहण्याचा थकवा तसा जात नाही.

मग तो सरळ बंद का करत नाही? कुणालाही विचारा, उत्तर एकच येतं. ‘‘बंद ठिवलं तर गिऱ्हाईक बाजूच्याकडं जातंय, अन् एकदा गेलं की माघारी येत नाही.’’ ही भीती पोकळ नाही. गावातला व्यवहार खात्यावर चालतो. माणूस एका दुकानातून वर्षभर उधार नेतो आणि माल विकला की फेडतो. नेमक्या गरजेच्या वेळी दुकान बंद मिळालं, शेजारच्यानं माल दिला आणि वहीत नवं खातं उघडलं, तर एका दुपारच्या झोपेपायी वर्षाचं गिऱ्हाईक गेलं. शिवाय संध्याकाळी पिग्मीवाला दारात येतो, गाळ्याचं भाडं थांबत नाही, सीसी खात्यावरचं व्याज रविवारीही चढतं.

धंद्यातल्या माणसासाठी लिहिलेली सल्ल्याची पुस्तकं इथेच कोलमडतात. वेळेचं नियोजन करा, कामं वाटून द्या, नाही म्हणायला शिका. कामं वाटून द्यायची कुणाला? 2013-14 च्या सहाव्या आर्थिक गणनेत देशात सुमारे 5.85 कोटी आस्थापना मोजल्या गेल्या. त्यांपैकी जवळजवळ 72 टक्के अशा होत्या, जिथे पगारी माणूस एकही नव्हता. घरची माणसं आणि मालक, बस. आणि नाही म्हणायचं कुणाला? समोर उभा आहे तो शेजारच्या गल्लीतला काका, ज्याच्या मुलीच्या लग्नात आपण पंगतीत वाढलेलं असतं.

आता शेजारच्या दुकानाकडे बघू. तिथला मालकसुद्धा याच भीतीनं शटर वर ठेवून बसलेला आहे. दोघेही एकमेकांच्या भीतीपोटी आपली दुपार, आपला रविवार, आपल्या पोरांच्या शाळेतलं स्नेहसंमेलन देऊन टाकतात. आणि त्या बदल्यात मिळतं काय? गाव सात दिवसांत जेवढी साखर खातं तेवढीच सहा दिवसांत नेतं. सोमवारी दुकान मिळणार नाही हे ठाऊक असलं की माणूस रविवारी संध्याकाळी नेतो. एकट्यानं बंद ठेवलं तर विक्री शेजारी जाते, सगळ्यांनी ठेवलं तर ती फक्त आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी सरकते. सगळा विषय या एका फरकात आहे.

आपल्याकडे आठवड्याच्या सुट्टीचा लढा ज्यांनी लढला त्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी नेमकी हीच गोष्ट ओळखली होती. सत्यशोधक विचारांचा हा माणूस ‘दीनबंधु’चा संपादक होता. 1884 च्या सप्टेंबरात मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, अपघात झाल्यास भरपाई, अशा त्यातल्या मागण्या. 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री-कामगारांनी भाषणं केली, हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे त्या विषयाकडे यायचं आहे. 10 जून 1890 ला गिरणी मालकांच्या संघानं आठवड्याची सुट्टी मान्य केली, आणि 1891 च्या फॅक्टरी कायद्यानं तिच्यावर शिक्कामोर्तब झालं. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की ही सुट्टी एकेका गिरणीत एकेका कामगाराला मिळाली नाही. मालक मंडळींच्या संघानं ती सगळ्या गिरण्यांसाठी एकदम मान्य केली. एकच गिरणी रविवारी बंद राहिली असती, तर तिच्या मालकालाही पालमच्या दुकानदाराचीच धास्ती वाटली असती.

लोखंड्यांपुढे निवेदन द्यायला मालक तरी होता. दुकानदारानं अर्ज कुणाकडे करायचा? मालक तोच, कामगारही तोच.

कायद्यानं एकेकाळी त्याची थोडी आठवण ठेवली होती. 1948 चा मुंबई दुकाने व संस्था अधिनियम जिथे लागू होता, तिथे दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवणं बंधनकारक होतं. नोकर असो वा नसो, बंद राहायचं ते दुकानच. त्यामुळे मालकालाही घरी जावं लागायचं. निरीक्षक आणि हप्तेबाजी यांनी त्या कायद्याचं नाव खराब केलं हे खरं आहे, पण त्यामागचा विचार चांगला होता. महाराष्ट्राचा नवा कायदा 19 डिसेंबर 2017 पासून लागू झाला. त्यानं वर्षाचे 365 दिवस दुकान उघडं ठेवायला मुभा दिली. कामगाराला आठवड्याला सलग 24 तासांची सुट्टी द्यायची अट ठेवली, पण 2017 मध्ये कायद्याच्या मुख्य तरतुदी लागू झाल्या त्या फक्त 10 किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना. मॉल आणि मोठ्या साखळी दुकानांच्या दृष्टीनं हे ठीक असेल. तिथे पाळ्या लावता येतात, एक जण सुट्टीवर गेला की दुसरा उभा राहतो. पालमच्या पेठेत दहा नोकरांचं दुकान किती सापडेल? म्हणजे इथला मालकही कायद्याच्या बाहेर आणि त्याच्या हाताखालचा एकुलता एक पोरगाही. मालक सुट्टी घेत नाही, म्हणून त्या पोराला मागता येत नाही. आपल्याला विश्रांती हवी असं म्हणणाऱ्या प्रत्येक दुकानदारानं हा पोरगा आधी डोळ्यांपुढे आणावा.

कायद्याची वाट न बघता, कुणापुढे हात न पसरता स्वतःची सुट्टी स्वतः घेणारा एक धंदा याच पेठेत आहे. सलूनचा. महाराष्ट्रात बहुतेक गावांत सोमवारी सलून बंद असतं. पेठेतल्या धंद्यांत हा काही बळकट धंदा नाही. एक खुर्ची, एक आरसा, रोजच्या कमाईवर रोजची चूल. तरीही ही सुट्टी टिकली आहे. कारण ती नाभिक संघटनांनी मिळून ठरवलेली आहे. कुणी चोरून शटर उघडलं तर बाकीचे जाऊन समजावतात, काही ठिकाणी दंडही करतात. सण आला तर अपवाद करतात आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा ठरल्याप्रमाणे. गिऱ्हाईकाचं काय झालं? काहीच नाही. सोमवारी दाढी-कटिंगला कुणी जातच नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय झाली. सोमवारी बंद असतं म्हणून कुणी नाभिकाला आळशी म्हणत नाही आणि त्याचं गिऱ्हाईकही तुटलेलं नाही. किराणावाल्यानं, मोबाइलवाल्यानं, स्टेशनरीवाल्यानं शिकायचं असेल तर परगावी जायला नको, चार दुकानं पलीकडे जाऊन विचारावं.

शेतकऱ्यालाही हे ठाऊक आहे. अनेक गावांत सोमवारी औत धरत नाहीत, बैलाच्या मानेवर जू येत नाही. पोळ्याला तर त्याच्याकडून कुणीच काम घेत नाही. जो मुका आहे, ज्याला मागता येत नाही, त्याची सुट्टी गावानं आपणहून ठरवून दिली. शेजारच्या लातूर जिल्ह्यात आणि धाराशिवकडे मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस असते. त्या दिवशी अख्खं गाव शेतात. कडब्याच्या कोपीत पाच पांडव मांडायचे, भज्जी, उंडे, आंबील, आणि ज्याला शेत नाही त्यालाही हाताला धरून न्यायचं. लातूरच्या बाजारपेठेत त्या दिवशी संचारबंदी लागल्यासारखी शांतता असते, जिल्हा प्रशासन स्थानिक सुट्टीही जाहीर करतं. लातूरसारख्या मोठ्या व्यापारी शहराचा दिवसाचा धंदा बुडाला अशी ओरड मी ऐकलेली नाही.

पेठेला एकदम शटर ओढता येत नाही, असंही नाही. कुणी बंदची हाक दिली की तासाभरात मेन रोड ओस पडतो. वर्षातून कितीतरी वेळा आपली गावं अशी बंद होतात, कधी मागणी पटलेली असते म्हणून, कधी दगडाच्या भीतीनं. त्या दिवशी शेजाऱ्याकडे गिऱ्हाईक जाईल ही चिंता कुणाच्या मनात येत नाही, कारण शेजारीही बंद असतो. दुसऱ्या दिवशी सगळं सुरळीत. दुसऱ्याच्या हाकेवर जे जमतं, ते स्वतःच्या शरीरासाठी, स्वतःच्या घरासाठी का जमू नये? एवढं मात्र खरं की नुसतं बंद असणं म्हणजे विश्रांती नव्हे. 2020 च्या टाळेबंदीत महिनोन्‌महिने शटरं खाली होती आणि झोप कुणालाच नव्हती. उद्या दुकान उघडणार आहे आणि धंदा जागेवर आहे याची खात्री असेल तरच माणूस निवांत बसतो. ही खात्री ठरलेल्या, आधी माहीत असलेल्या सुट्टीतूनच येते.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आपण छाती फुगवून म्हणतो. मग जर्मनीची एक गोष्ट घ्यायला काय हरकत आहे? तिथे रविवारी दुकानं बंद असतात. 1919 च्या वायमार राज्यघटनेतल्या कलम 139 नं रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून संरक्षित केला आणि आजच्या जर्मन राज्यघटनेनं ते कलम तसंच उचललं. बर्लिननं नाताळाआधीचे चारही रविवार दुकानांना मोकळे केले तेव्हा प्रकरण घटनात्मक न्यायालयात गेलं आणि 1 डिसेंबर 2009 ला न्यायालयानं रविवारच्या बाजूनं कौल दिला. रेल्वे स्टेशनातली दुकानं, पेट्रोल पंप, काही तास बेकरी एवढे अपवाद आहेत. युरोपातली सगळ्यात मोठी अर्थव्यवस्था आठवड्यातून एक दिवस शटर खाली ठेवून चालते. दुकान उघडं ठेवण्याचे तास आणि भरभराट यांचा आपण समजतो तसा सरळ संबंध नाही, एवढं यावरून नक्की म्हणता येतं.

पुण्याच्या दुपारच्या 1 ते 4 वरून उभ्या महाराष्ट्रानं इतकी वर्षं चेष्टा केली, मला मात्र ती सवय नेहमीच शहाणपणाची वाटत आली. चितळे बंधूंनी 2017 मध्ये दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली तेव्हा त्याची बातमी झाली. त्यांच्याकडे माणसं आहेत, पाळ्या लावता येतात. ज्याच्याकडे ती नाहीत त्यानं पुण्याची जुनी रीतच धरावी. चैत्र ते ज्येष्ठ दुपारी तीन तास पालममध्ये रस्त्यावर माणूस नसतो. उन्हानंच पेठ बंद केलेली असते, आपण फक्त ते कबूल करत नाही.

शरीर मात्र या तासांचा हिशोब ठेवतं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला 55 तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना 35 ते 40 तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी जास्त असतो. हे 55 तासांचं झालं. पेठेतला माणूस 91 वर आहे. दुपारचं जेवण साडेतीनला गल्ल्यावर, तेही घास हातात धरून गिऱ्हाईक करत. शुगरची गोळी चुकते. लग्नाला जायचं तर अक्षतांच्या मिनिटाला पोहोचायचं, तांदूळ टाकायचे आणि आहेर देऊन परत फिरायचं. नातेवाईक रुसतात आणि पुढे रुसणंही सोडून देतात.

पेठेच्या सुट्टीवरचे आक्षेप मला माहीत आहेत. सगळ्यात वजनदार आक्षेप खेड्यातून येणाऱ्या माणसाचा. पावसाळ्यात लेंडी नदीला पूर आला की फळा, आरखेडकडच्या गावांचा पालमशी संपर्क तुटतो. पाणी उतरल्यावर माणूस चिखल तुडवत आला आणि पेठ बंद मिळाली तर त्याचा हेलपाटा कोण भरून देणार? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. पण आजची स्थिती काय आहे? आज दुकानं बंद राहतात ती न सांगता. कुणाकडे मयत, कुणी दवाखान्यात, कुणी माल आणायला नांदेडला. हेलपाटा आजही पडतो आणि तो आधी कळत नाही. वार ठरलेला असला तर चाटोरीतलं शेंबडं पोरही सांगेल की आज पालमला जाऊ नका. पूर ओसरल्यानंतरचा पहिला आठवडा, मृगाचा पंधरवडा, दिवाळीचा आठवडा, हे सुट्टीतून वगळावेत. शेतीवर जगणाऱ्या पेठेचं वर्ष शेतीसारखंच असायला हवं, घाईच्या दिवसांत जीव तोडून काम आणि उसंतीच्या दिवसांत खरोखरची उसंत. मेडिकल दुकानांनी आळीपाळीनं एक उघडं ठेवावं. पंक्चरवाल्यांनीही तसंच करावं.

दुसरा आक्षेप ऑनलाइनचा. आपण बंद ठेवलं तर लोक मोबाइलवरून मागवतील. मोबाइल तर रात्री दोनलाही उघडा आहे. तासांच्या शर्यतीत त्याच्याशी कुणी जिंकणार नाही, दुकानदारानं 24 तास जागं राहिलं तरी नाही. त्याची ताकद वेगळी आहे. तो ओळखीनं उधार देतो, खराब निघालेला माल बदलून देतो, कुणाच्या घरी काय पिकलं आणि काय बुडालं हे त्याला ठाऊक असतं. ती ताकद ताज्या डोक्याच्या, शांत स्वभावाच्या माणसाकडेच टिकते. बारा तास बसून वैतागलेला, गिऱ्हाईकावर खेकसणारा दुकानदार स्वतःच लोकांना मोबाइलकडे ढकलतो.

चहाच्या टपरीचा, वडापावच्या गाड्याचा आक्षेप मात्र मला खरा वाटतो. न विकलेली साखर उद्या विकली जाते, न विकलेला चहा गेला तो गेला. त्यांच्यासाठी सुट्टी म्हणजे खरोखर कमाईतली घट. पेठ बंद असलेल्या दिवशी त्यांचं गिऱ्हाईक आपोआप निम्म्यावर येणार, तेव्हा त्यांना सक्ती करू नये आणि ठराव करताना त्यांना बोलावल्याशिवायही राहू नये.

आता महालक्ष्मीच्या सभेत बोललेल्या त्या दोन बायकांकडे येतो. पेठेतल्या कितीतरी दुकानांत दुपारी मालक घरी जेवायला, जरा पडायला जातो तेव्हा गल्ल्यावर त्याची बायको बसते. त्याची जी थोडीफार विश्रांती आहे ती तिच्या श्रमातून येते. पहाटेचं पाणी, डबे, स्वयंपाक आटोपून ती येते आणि संध्याकाळी परत चुलीपुढे जाते. 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं गेल्याचं दिसलं, घरकाम करणाऱ्या पुरुषांचे 88. पेठेत स्वच्छतागृह नाही म्हणून दुकानात बसायच्या वेळी पाणीच न पिणाऱ्या बायका आहेत. पेठ बंद ठेवून पुरुष घरी बसले, मटणाचा बेत झाला, चार मित्र आले, तर त्या दिवशी तिचं काम वाढलं. अशी सुट्टी अर्ध्या घराची. गंगाखेडच्या जनाबाईबद्दल आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं की तिच्या जात्याला हात लावायला विठोबा यायचा. त्या कथेत देव तिला विश्रांती घे असा उपदेश करत नाही. तो बसतो आणि दळू लागतो. पालमच्या मालकानं सुट्टीच्या दिवशी भाकरी थापायला शिकावं, ही मागणी मला सुट्टीच्या मागणीइतकीच महत्त्वाची वाटते.

आणि पोरांचं. आज पेठेतल्या बहुतेक दुकानदारांची तक्रार एकच, पोरगं दुकानावर बसायला तयार नाही. पुण्याला कंपनीत पंधरा-वीस हजारांवर राबतो, पण गाळा नको म्हणतो. त्याला आळशी म्हणून मोकळं होता येत नाही. त्यानं लहानपणापासून बापाला बघितलं आहे. सहलीला न आलेला, दहावीच्या निकालाच्या दिवशी शाळेत न पोहोचलेला, रात्री दहाला जेवून वही उघडणारा बाप. कंपनीत रविवार तरी मिळतो. मुलीकडचे नोकरीवाला मुलगा मागतात, त्यातही पगाराबरोबर हे एक कारण आहे. लेकीला आयुष्यभर गल्ल्यामागे बसवायचं नाही, असं ते बोलूनही दाखवतात. ज्या धंद्यात माणसाला माणसासारखं जगता येत नाही तो धंदा पुढच्या पिढीकडे जात नाही. तीस वर्षं एक दिवसही बंद न ठेवलेलं दुकान शेवटी कायमचं बंद होतं, आणि गाळ्यावर भाड्यानं देण्याची पाटी लागते.

व्यापाऱ्यांनी एकत्र बसावं. सलूनवाल्यांना आधी बोलावून त्यांची रीत समजून घ्यावी. आठवडी बाजाराचा दिवस आणि त्याचा आदला दिवस सोडून, ज्या वारी गल्ला सगळ्यात हलका असतो तो वार निवडावा. वार कोणता, याला महत्त्व नाही, तो सगळ्यांचा एक असण्याला आहे. नगरपंचायतीला विनंती करून घंटागाडीच्या भोंग्यावरून महिनाभर पुकारून घ्यावं, गावोगावच्या ग्रामपंचायतींना पत्र द्यावं. शटरवर रंगवलेल्या फोन नंबराचाही निकाल लावावा, कारण दुकान बंद आणि फोन चालू असेल तर पहारा तसाच राहतो. त्या दिवशी फोनवरची ऑर्डर कुणीच घ्यायची नाही, हेही ठरावात लिहावं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कुणीतरी मागच्या दारानं माल देईल. त्याच्याशी भांडायला जाऊ नये, चहाला बोलवावं आणि विचारावं की त्या दिवशी किती कमाई जास्त झाली. उन्हाळ्यात दुपारचे तीन तास बंद ठेवण्याचा ठराव याच बैठकीत घ्यावा, म्हणजे एकदा जमलेली माणसं पुन्हा जमवायला नकोत. बैठक पौषातच व्हावी. तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं, माणसं बसून बोलतात. मृगाच्या तोंडावर हा विषय काढला तर ऐकून घ्यायला कुणालाच वेळ नसेल.